जंतू गेला, कायदा राहिला

बडनेरा हे जंक्शन. मुंबई-नागपूर-हावडा मार्गावरून आलेला माणूस इथे उतरतो आणि नऊ-दहा किलोमीटरवरच्या अमरावतीला जायला दुसरी गाडी धरतो. माझे लहानपण या स्टेशनालगतच्या नव्या वस्तीत गेले. वडील तिकीट खिडकीवर होते. वाचता येऊ लागल्यापासून त्यांच्या टेबलावरचे छापील कागद वाचण्याचा मला नाद होता, आणि त्यांतले दोन कागद अजून लक्षात आहेत. एकावर संसर्गजन्य रोगांची यादी होती. असा रोगी परवानगीशिवाय डब्यात बसू नये, असा नियम. (१९८९च्या रेल्वे कायद्याचे कलम ५६ याच विषयाचे आहे.) पटकी, घटसर्प, गोवर यांच्या पंगतीत महारोगाचेही नाव होते. दुसरा कागद सवलतीचा. महारोगाचा रुग्ण ‘असांसर्गिक’ असल्याचा डॉक्टरचा दाखला आणला, तर तपासणीसाठी जाताना त्याला भाड्यात ७५ टक्के सूट. मी वडिलांना विचारले, की मग त्याला गाडीत बसवायचे की नाही? ते म्हणाले, “दाखला असन त बसवाचं, नसन त नाही.”

त्याच सुमाराची, म्हणजे १९९० सालची दुसरी आठवण शाळेतली आहे. मी चौथीत होतो. आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्याच्या वडिलांना पूर्वी हा रोग होऊन गेला होता. बोटे वाकलेली, पायाला फडके बांधलेले, अशा अवस्थेत ते त्याला पोचवायला येत. मुलाला काहीही झालेले नव्हते. तरी त्याला शेवटचा बाक दिलेला होता, आणि त्या बाकावर तो एकटा बसे. गुरुजी दुष्ट नव्हते, गणित फार चांगले शिकवत. पण तसे ठरले होते खरे. आम्हीही त्याच्या डब्याला हात लावत नसू. एकदा पावसात छत गळू लागले म्हणून मला त्याच्या शेजारी बसायला सांगितले, तर मी रडून गोंधळ घातला.

पुढे मी जीवशास्त्रात संशोधन करू लागलो. तेव्हा या दोन्ही आठवणींकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागले. रेल्वेची यादी आणि शाळेतला तो बाक, यांतले कोणते शास्त्राला धरून होते? उत्तरासाठी आधी जंतूची ओळख करून घेऊ.

नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ साली हा जंतू पाहिला. क्षयाच्या जंतूचा हा भाऊबंद, पण अत्यंत संथ. आपल्या आतड्यातला साधा ई-कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला दुप्पट व्हायला बारा ते चौदा दिवस लागतात. प्रयोगशाळेच्या बशीत तो आजतागायत कोणाला वाढवता आलेला नाही. १९६०मध्ये शेपर्ड या शास्त्रज्ञाने उंदराच्या तळपायात तो वाढवून दाखवला, तेव्हा कुठे औषधांची नीट परीक्षा घेता येऊ लागली. तळपायच का? कारण या जंतूला थंडावा आवडतो. शरीराच्या गाभ्यातल्या ३७ अंशांपेक्षा नाक, कानाची पाळी, त्वचा, हातापायांच्या कातडीजवळून जाणाऱ्या नसा अशा चार-सहा अंश थंड जागा तो पसंत करतो. २००१ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा असे दिसले की त्यातली हजाराहून अधिक जनुके मोडकी, निकामी आहेत. दुसऱ्याच्या घरात राहून राहून स्वतःचा संसारच विसरलेला असा हा प्राणी.

असा जंतू पसरणार तरी किती वेगाने? उपचार न घेतलेल्या, अंगात भरपूर जंतू असलेल्या रुग्णाच्या नाकावाटे, दीर्घकाळच्या निकट सहवासातून तो दुसऱ्याकडे जातो. पण बहुसंख्य माणसांचे शरीर त्याला सहज परतवून लावते. ज्यांना रोग होतो त्यांच्यात लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे लागतात, कधी वीससुद्धा. आणि रिफाम्पिसिनचा पहिला डोस पोटात गेला, की थोड्याच दिवसांत अंगातले ९९ टक्क्यांहून जास्त जिवंत जंतू मरतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचारात रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही औषधे असतात. रोगाच्या प्रकारानुसार ती सहा किंवा बारा महिने घ्यायची. आपल्या शेजारचा वर्धा जिल्हा हा हे उपचार देशात सर्वांत आधी सुरू झालेल्या जिल्ह्यांपैकी एक. म्हणजे १९९० साली, मी त्या बाकावर बसायला रडत होतो तेव्हा, रोगावरचे औषध तासाभराच्या अंतरावर वाटले जात होते.

आता वाकलेल्या बोटांबद्दल. तुमचा कोपर वाकवा आणि आतल्या बाजूच्या हाडाच्या खोबणीत बोट दाबून पाहा. दोरीसारखी एक नस लागेल. कोपर भिंतीवर आपटला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात त्या हिच्यामुळे. ती त्वचेच्या अगदी जवळ, म्हणून थंड, म्हणून या जंतूची आवडती. ती निकामी झाली की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊन वाकते. पायाच्या नसांचेही तसेच होते. मग चुलीवरचे भांडे हाताला पोळते ते कळत नाही, चपलेतला खिळा दिवसभर टोचत राहतो तरी माणूस चालत राहतो. जखम होते, चिघळते, हाड झिजते. बोटे ‘झडतात’ ती अशी. वेलोरला पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाने १९४०नंतरच्या दशकांत हे पटवून दिले, की बोटांचा नाश जंतू थेट करत नाही, वेदना हरवल्याने होणाऱ्या रोजच्या इजा करतात. जंतू मेल्यावरही बधिरपणा राहू शकतो आणि जखमा होतच राहतात. त्या जखमेतून कोणालाही महारोग होत नाही.

हे लक्षात ठेवून १८९८चा ‘लेपर्स ॲक्ट’ वाचा. महारोगी कोणाला म्हणावे, याची व्याख्या त्या कायद्याने केली होती. ज्याला कोणत्याही प्रकारचा महारोग आहे आणि ज्याच्या अंगावर व्रण पडायला सुरुवात झाली आहे, तो. असा माणूस भीक मागताना किंवा निराधार फिरताना आढळला, तर पोलिसांनी त्याला वॉरंटशिवाय पकडावे आणि आश्रमात डांबावे. सरकारने ठरवलेल्या भागात त्याने खाद्यपदार्थ विकू नयेत, सार्वजनिक विहिरीवर किंवा तळ्यावर पाणी भरू नये, भाड्याच्या गाडीत बसू नये.

व्रण! अंगात जंतू खच्चून भरलेला, खरोखर संसर्ग पसरवू शकणारा रुग्ण सुरुवातीला कसा दिसतो? कातडी तुकतुकीत, कानाच्या पाळ्या किंचित जाड, अंगावर एकही जखम नाही. तो या व्याख्येत बसतच नव्हता. आणि ज्याचा रोग पंधरा वर्षांपूर्वी विझून गेला, फक्त बधिर तळव्यावर व्रण उरला, तो नेमका सापडत होता. कायद्याने जाळे टाकले ते चुकीच्या माणसासाठी. त्या काळी हे कळायला मार्ग नव्हता, असेही म्हणता येत नाही. १८९०-९१ साली सरकारनेच नेमलेला महारोग आयोग देशभर फिरला होता, आणि संसर्गाचा धोका अल्प आहे, सक्तीने वेगळे ठेवण्याची गरज नाही, असे त्याने लिहून दिले होते. सात-आठ वर्षांत सरकारने कायदा केला. माझा तर्क असा, की बाजारात उघड्या जखमा दिसू नयेत असे प्रतिष्ठितांना वाटे, आणि कायदा त्या वाटण्यासाठी होता.

आमच्या वऱ्हाड-विदर्भात या हाकललेल्या माणसांसाठी मोठी कामे उभी राहिली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६मध्ये काम सुरू केले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, सगळे ज्यांना दाजीसाहेब म्हणत, १९४६ साली तपोवनाची मुहूर्तमेढ रोवली. वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या संस्थेची सुरुवात १९४९ची. तपोवनात रुग्णांनी शेती केली, हातकाम केले, संसार थाटले. या माणसांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण तपोवन गावाबाहेर का वसवावे लागले, हा प्रश्न आदराने मिटत नाही. गावाने जागा ठेवली असती तर दाजीसाहेबांना रान शोधावे लागले नसते. दया करणाऱ्याने जागा दिली तर मिळते, न दिली तर मागायला कोणाकडे जाणार? हक्काची भाषा इथून सुरू होते.

१९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व माणसे’ असे आहे. मसुद्यात तिथे ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल असा शब्द होता, तो बदलायला लावला भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी, ज्या त्याआधी मुंबईच्या विधिमंडळात होत्या. एका शब्दाने निम्मी मानवजात आत आली. अपंगांसाठी मात्र तसा शब्द यायला वेळ लागला. त्या जाहीरनाम्यात आणि १९६६च्या दोन मोठ्या करारांत वंश, लिंग, भाषा, धर्म अशी भेदभावाच्या कारणांची यादी आहे, तीत अपंगत्व नाही. ‘किंवा अन्य स्थिती’ एवढेच. अपंगत्वाचे नाव त्या यादीत घेणारा पहिला जागतिक करार म्हणजे १९८९चा बालहक्क करार. त्याच्या दुसऱ्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी वाचताना मला शेवटचा बाक आठवला. मुलाच्याच नव्हे, तर त्याच्या आईवडिलांच्या स्थितीवरूनही मुलाशी भेदभाव करायचा नाही. भारताने तो डिसेंबर १९९२मध्ये स्वीकारला. तोवर आम्ही चौथी ओलांडून गेलो होतो.

१३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला. भारताने १ ऑक्टोबर २००७ला त्यावर शिक्कामोर्तब केले. शास्त्राच्या शिक्षकाला त्याचे पहिले कलम आवडेल, कारण त्यात अपंगत्व हे दोन चलांवर अवलंबून असलेले मानले आहे. एक चल शरीरातली दीर्घकालीन उणीव. दुसरे चल बाहेरचे अडथळे. दोहोंच्या परस्परक्रियेतून माणसाचा समाजातला सहभाग अडतो. बधिर पायाचा माणूस घ्या. मऊ, सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल (आरोग्य खाते जिला एम.सी.आर. चप्पल म्हणते) मिळाली, रोज पाय भिजवून, तेल लावून तपासायची सवय लागली, तर तो दिवसभर दुकान चालवू शकतो. तीच चप्पल पाहून लोक ओळखतात आणि दुकानात येईनासे होतात, तेव्हा पायात काहीही बदललेले नसते. तरी अपंगत्व वाढलेले असते. वाढले ते दुसऱ्या चलामुळे, आणि त्यावर औषधाच्या गोळीचा परिणाम होत नाही.

म्हणून याच कराराच्या चौथ्या कलमात सरकारांवर एक काम टाकले आहे. भेदभाव करणारे जे कायदे, नियम, रूढी आज अस्तित्वात आहेत, ते बदला किंवा मोडा. करार केला की तो आपोआप देशाचा कायदा होतो, असे आपल्याकडे नाही. संसदेने राज्यघटनेच्या कलम २५३ खाली तसा कायदा करावा लागतो. त्यामुळे सही आणि अंमल यांच्यामध्ये वर्षे जातात. २००८ साली ओडिशातल्या एका निवडून आलेल्या नगरसेवकाचे पद महारोगामुळे गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने राज्याची ती तरतूद वैध ठरवली. विज्ञान पुढे गेले आहे, तेव्हा विधिमंडळाने फेरविचार करावा, असे मात्र न्यायालयाने सुचवले.

२०१०च्या डिसेंबरात आमसभेने खास या रोगाविषयीच्या तत्त्वांची व मार्गदर्शक सूचनांची दखल घेतली. ती बंधनकारक नाहीत. तरी त्यांतला एक शब्दप्रयोग फार नेमका आहे : ‘कुष्ठरोगाने बाधित व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय’. रोग झालेला, होऊन गेलेला, आणि ज्याला कधीच झाला नाही पण ज्याच्या घरात झाला, असे सगळे त्यात येतात. हाच धागा धरून आपल्या विधी आयोगाने २०१५च्या आपल्या २५६व्या अहवालात सगळ्या भेदभावी तरतुदी मांडल्या आणि एका नव्या कायद्याचा मसुदाही दिला. अनेक राज्यांनी आधीच रद्द केलेला १८९८चा कायदा २०१६मध्ये केंद्रानेही काढून टाकला. विवाह कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, ते २०१९मध्ये गेले. १९५५चा हिंदू विवाह कायदा ‘असाध्य’ कुष्ठरोगाबद्दल बोलत होता. रोग साध्य होऊन तोवर साडेतीन दशके उलटली होती.

२०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम हा जागतिक करार भारतात उतरवण्यासाठीच केलेला कायदा. त्यातल्या २१ प्रकारांत ‘कुष्ठरोगमुक्त व्यक्ती’ आहे. रोग बरा झाला, पण हातापायांची संवेदना गेली आहे किंवा विकृती आली आहे, अशी व्यक्ती. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के राखीव जागांत तिचा वाटा आहे. ही चांगलीच गोष्ट. पण ‘मुक्त’ या शब्दाने एक कुंपणही घातले. जो आज गोळ्या घेतो आहे आणि ज्याच्या अंगावर फक्त एक चट्टा आहे, तो या व्याख्येबाहेर. माझा वर्गमित्र तर कितीतरी बाहेर. त्यांना आत घेणारा विधी आयोगाचा मसुदा अजून मसुदाच आहे.

हे सगळे शिक्षकांच्या मासिकात लिहिण्याचे कारण असे, की रोग संपलेला नाही. २००५च्या अखेरीस देशाने दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले, आणि अनेकांना वाटले की मिटले. २०२३ साली जगात सुमारे १ लाख ८३ हजार नवे रुग्ण नोंदले गेले, त्यांतले एक लाखाहून अधिक भारतातले. त्यांत शाळकरी मुलेही असतात. मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तो खाजत नसेल, त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर पालकांशी एकांतात बोला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. वर्गात सर्वांसमोर टाचणी टोचून पाहण्याचा ‘प्रयोग’ कृपा करून करू नका. चट्टा दुसऱ्या कशाचाही असू शकतो, आणि पोराच्या नावाला चिकटायचे ते चिकटून जाते. तपासणी आणि औषधे मोफत असतात. उपचार सुरू झाल्यावर मुलाला घरी बसवण्याचे वैद्यकीय कारण उरत नाही. २०१८मध्ये पंकज सिन्हा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जे आदेश दिले, त्यांत कुष्ठरोगबाधित कुटुंबांतील मुलांना शाळेत भेदभाव सोसावा लागू नये हाही मुद्दा होता. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मुलाच्या मानसिक छळाला मनाई केली आहे. वेगळा बाक हा माझ्या मते त्यातच बसतो, कोणी न्यायालयात जावो वा न जावो.

मज्जातंतूंचा पाठ शिकवताना जाड हातमोजे घालून शर्टाची गुंडी लावायला सांगण्याचा खेळ काही शिक्षक घेतात. जरूर घ्या, स्पर्शाविना बोटे किती अडाणी होतात ते मुलांना चांगले कळते. फक्त ‘बिचाऱ्यांचे असे होते’ इथे तो थांबवू नका. पुढचा प्रश्न विचारा, की गुंडीऐवजी काय लावले असते तर जमले असते? मुले चेन सुचवतील, नाडी सुचवतील. एखादा म्हणेल, मी लावून देईन. कराराच्या भाषेत याला वाजवी सोय म्हणतात, आणि ती नाकारणे हाच भेदभाव मानला आहे.

मागच्या वर्षी बडनेऱ्याला गेलो होतो, तेव्हा तो वर्गमित्र फलाटावर भेटला. त्याचा बिछायतीचा व्यवसाय आहे, आमच्या नव्या वस्तीतल्या निम्म्या लग्नांना त्याच्याच खुर्च्या असतात. वडील गेले. शेवटची काही वर्षे दर सहा महिन्यांनी पायाच्या तपासणीला तो त्यांना रेल्वेनेच नेत असे. सवलत घ्यायचात का, असे मी विचारले. “नाही घेतली,” तो म्हणाला. “खिडकीवर दाखला दाखवला की मागचे रांगेतून सरकत.”